विद्यापीठातील मुलामुलींचा व्हॉलीबॉल : एका संकटाची हकीकत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून शिक्षणाच्या एका उपेक्षित अंगाकडे, म्हणजे खेळाकडे, आणि त्यातही एकाच खेळाकडे आपले लक्ष वेधण्याचे आम्ही ठरविले आहे. व्हॉलीबॉल हा तो खेळ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड नावाचे विद्यापीठ आहे. तेथे या खेळाची दोन पथके आहेत, एक मुलांचे व एक मुलींचे. या दोन पथकांवर जे जे प्रसंग आले, ते पाहिले असता घर, शाळा आणि समाज चालविणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा असे बरेच काही हाती लागते. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांतील मुलेमुली आज त्या देशात शिकत आहेत, हेही हा विषय निवडण्याचे एक कारण आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. सन १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी विल्यम मॉर्गन या व्यायामशिक्षकाने हा खेळ सुरू केला. तो वाय. एम. सी. ए. या संस्थेत शिकवीत असे. तेथे येणाऱ्या पोक्त वयाच्या व्यापारी मंडळींना बास्केटबॉलची धावाधाव व धक्काबुक्की सोसत नसे. त्यांना व्यायाम तर व्हावा, पण हातपाय मोडू नयेत, या हेतूने त्याने मध्ये जाळी बांधली आणि चेंडू हाताने इकडून तिकडे टोलविण्याचा खेळ रचला. बॅडमिंटनवरून त्याने त्यास 'मिंटोनेट' असे नाव दिले होते. बॅडमिंटनला एके काळी 'पूना' असे म्हणत, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हा या खेळाच्या पहिल्या नावाशी आपल्या पुण्याचे दूरचे का होईना, नाते आहे. 'व्हॉलीबॉल' हे नाव त्यास पुढे मिळाले. वाय. एम. सी. ए. च्याच द्वारे तो हिंदुस्थानात आला, आणि आज खेडोपाडी दोन बांबू व एक जाळी एवढ्या भांडवलावर तो खेळला जातो.

या खेळाचा एक नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. यात चेंडू धरून ठेवता येत नाही. जो धरील त्याची चूक. एका पथकाने जास्तीत जास्त तीन वेळा चेंडूला हात लावावयाचा आणि तो पलीकडे धाडावयाचा. आणि जाळीजवळ प्रतिपक्षाचा तडाखा अडविण्याचा प्रसंग वगळता एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा हात लावावयाचा नाही. म्हणजे कितीही बलवान खेळाडू असला तरी तो एकटा काही करू शकत नाही. एकाने झेलावा, दुसऱ्याने उंच उचलून द्यावा, तिसऱ्याने मारावा. टाळ्या बहुधा तिसऱ्यास मिळतात, पण जाणते लोक दुसऱ्याकडे पाहतात. सहा माणसांच्या संसाराला हाच नियम लागू आहे, हे येथे जमलेल्या गृहिणींस आम्ही सांगावयास नको.

दुसरी गोष्ट जाळीच्या उंचीची. पुरुषांसाठी ती २ मीटर ४३ सेंटिमीटर असते, स्त्रियांसाठी २ मीटर २४ सेंटिमीटर. फरक १९ सेंटिमीटरांचा, म्हणजे सुमारे एक वीत. मैदान तेच, १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद. माणसे सहाच, गुणांची मोजणी तीच. सन १९६४ मध्ये टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम दाखल झाला, तेव्हा पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन्ही सामने एकाच वर्षी सुरू झाले. स्त्रियांच्या सांघिक खेळाला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले स्थान होय. ज्या खेळात मुलगा व मुलगी यांमधील अंतर एका वितीएवढेच आहे, त्या खेळातही माणसांनी हे अंतर किती वाढविले आणि पुढे ते किती कष्टाने कमी केले, हे आता पाहू.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जन्मच एका दुःखातून झाला. लेलंड स्टॅनफर्ड व त्यांच्या पत्नी जेन या श्रीमंत दांपत्यास एकुलता एक मुलगा होता. तो सन १८८४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विषमज्वराने गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी १८८५ साली विद्यापीठ स्थापिले आणि १८९१ साली तेथे अध्यापन सुरू झाले. पहिल्या दिवसापासून मुलींस प्रवेश होता, आणि त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. मुलींनी त्या संधीचे चीज केले. १८९६ साली या विद्यापीठाच्या मुलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींशी बास्केटबॉलचा सामना खेळला आणि तो २ विरुद्ध १ अशा गुणांनी जिंकला. त्या सामन्यास पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता! परंतु मुलींची संख्या वाढू लागली, तशी जेनबाईंस चिंता वाटू लागली. आपल्या मुलाच्या नावाचे विद्यापीठ पुढे मुलींचेच म्हणून ओळखले जाईल की काय, या भयाने त्यांनी १८९९ साली नियम केला की एका वेळी ५०० पेक्षा अधिक मुली येथे शिकू नयेत. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मातेस आम्ही दोष देत नाही. तथापि तो नियम १९३३ पर्यंत टिकला, म्हणजे चौतीस वर्षे कित्येक लायक मुलींना केवळ त्या मुली म्हणून दार बंद राहिले, हे विसरता येत नाही.

खेळाच्या बाबतीत दार उघडले ते त्याहून पुष्कळ उशिरा. सन १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्यास तेथे 'टायटल नाइन', म्हणजे नववे प्रकरण, असे म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष असल्याच्या कारणाने कोणासही वगळता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. मूळ कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही. परंतु विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर त्याचा जो परिणाम झाला, तो फार मोठा होता. मुलींची पथके उभी राहिली, त्यांना शिक्षक मिळाले, पुढे शिष्यवृत्त्या मिळाल्या. मुलांच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय विद्यापीठीय स्पर्धा १९७० सालीच सुरू झाली होती. त्याच क्रीडासंस्थेने मुलींची स्पर्धा भरविण्यास मात्र १९८१ साल उजाडावे लागले.

स्टॅनफर्डच्या मुलींनी त्यानंतर काय केले ते ऐका. १९८४, १९८५ आणि १९८७ या तीन वर्षी त्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि तिन्ही वेळा हरल्या. शेवटच्या पायरीवरून तीनदा मागे येणे हे पहिल्याच पायरीवर अडखळण्याहून कठीण असते. १९९२ साली त्यांनी अजिंक्यपद मिळविले. मग १९९४, १९९६, १९९७, २००१, २००४, २०१६, २०१८ आणि २०१९. अशी एकूण नऊ अजिंक्यपदे झाली. केरी वॉल्श ही १९९६ व १९९७ च्या पथकांत होती; तिनेच पुढे समुद्रकिनाऱ्यावरील व्हॉलीबॉलमध्ये २००४, २००८ व २०१२ या तीन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविले.

मुलांचे पथकही मागे नव्हते. १९८९ व १९९२ साली अंतिम सामना हरल्यानंतर १९९७ साली त्यांनी पहिले अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुलींनीही आपले पद राखले. एकाच वर्षी एकाच विद्यापीठाची दोन्ही पथके अजिंक्य ठरली, भाऊ आणि बहीण दोघेही पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण व्हावीत तसे झाले. यातील व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. मुलींचा हंगाम ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आणि मुलांचा जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत असतो. मेपल्स पॅव्हिलियन या नावाच्या एकाच क्रीडागृहात दोघांची पाळी येते. एकाच अंगणात दोन भावंडांनी भांडण न करता खेळावे, अशी ही सोय आहे.

मुलांच्या पथकाचे यश पुढे मात्र ओसरले. २००७ साली त्यांनी २८ सामन्यांपैकी अवघे ३ जिंकले. आपल्याकडे अशा पथकाची गत काय झाली असती, हे आम्ही सांगावयास नको. तेथे जॉन कॉस्टी या शिक्षकांनी, ते त्यांचे प्रमुखपदाचे पहिलेच वर्ष असूनही, त्याच मुलांना हाताशी धरले. २००७ साली नवखी म्हणून आलेली ती मुले २०१० साली शेवटच्या वर्षात होती, आणि त्या वर्षी घरच्याच मैदानावर पेन स्टेट विद्यापीठास सरळ तीन डावांत हरवून त्यांनी दुसरे अजिंक्यपद मिळविले. त्या पथकात कावीका व एरिक शोजी हे दोघे बंधू होते. थोरला चेंडू उचलून देणारा आणि धाकटा मागे राहून चेंडू वाचविणारा, म्हणजे दोघेही टाळ्यांपासून दूर असलेले काम करणारे. या दोघांचे वडील डेव्ह शोजी हे हवाई विद्यापीठात चार दशकांहून अधिक काळ मुलींच्या पथकाचे शिक्षक होते. बापाने परक्यांच्या मुली घडविल्या आणि त्याच खेळाच्या संस्कारात त्याचे मुलगे वाढले. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये दोघांनाही अमेरिकेच्या पथकातून कांस्यपदक मिळाले. मुलींसाठी केलेले श्रम मुलांच्या वाट्यातून वजा होतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता ज्या संकटाचा उल्लेख आम्ही मथळ्यात केला, त्याकडे वळू.

सन २०२० मध्ये जगभर करोनाची साथ पसरली. क्रीडांगणे ओस पडली, तिकिटांचे उत्पन्न थांबले. त्या वर्षी ८ जुलै रोजी स्टॅनफर्डने जाहीर केले की आपल्या ३६ खेळांपैकी ११ खेळ पुढील शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस कायमचे बंद होतील. त्या यादीत मुलांचा व्हॉलीबॉल होता. मुलींचा नव्हता. एकूण २४० हून अधिक विद्यार्थी आणि २२ शिक्षक या निर्णयाखाली आले. विद्यापीठाची बाजूही सांगितली पाहिजे. तीन वर्षांत सुमारे सात कोटी डॉलरांची तूट येईल, आणि हे ११ खेळ कायमचे चालवावयाचे तर २० कोटी डॉलरांहून अधिक निधी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. इतर मोठ्या विद्यापीठांच्या मानाने त्यांच्याकडे खेळांची संख्या दुप्पट होती, हेही खरे. परंतु ज्या संस्थेच्या गंगाजळीत पंचवीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम आहे, तिने असे म्हणावे याचे लोकांना नवल वाटले. दानाचा बराचसा पैसा ठराविक कामासाठी बांधलेला असतो, तो हवा तेथे वळविता येत नाही, हे आपल्या मंडळाच्या खजिनदारांस चांगले ठाऊक आहे. तरीही नवल वाटावे असा हा प्रकार होता.

मुलांचेच पथक का जावे? याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडासंस्थेने प्रत्येक खेळासाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा ठरविली होती. मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी पहिल्या श्रेणीतील विद्यापीठास १२ शिष्यवृत्त्या देता येत. मुलांच्या व्हॉलीबॉलसाठी ४.५, म्हणजे साडेचार; आणि त्या पंधरावीस मुलांत वाटून घ्यावयाच्या. हा अन्याय कोठून आला? त्या देशात अमेरिकन फुटबॉल हा खेळ राजासारखा आहे, आणि वरच्या वर्गातील विद्यापीठांत त्या एका खेळास ८५ शिष्यवृत्त्या असत. त्याच्या तोडीचा मुलींचा खेळ नाही. तेव्हा कायद्याने मुलामुलींचा तोल सांभाळावयाचा, पण फुटबॉलला धक्का लावावयाचा नाही, असे ठरले की कुऱ्हाड पडते ती मुलांच्या लहान खेळांवर. मुलींच्या व्हॉलीबॉलची पथके पहिल्या श्रेणीतील तीनशेहून अधिक विद्यापीठांत आहेत. मुलांची पथके त्या मानाने फारच थोडी. साडेचारांची ती मर्यादा २०२५ साली उठली, परंतु तोवर अर्धशतक लोटले होते.

काही लोकांनी याचा दोष मुलींच्या कायद्यास दिला. आम्हांस ते पटत नाही. १९७२ च्या कायद्यात मुलांचे खेळ बंद करा असे कोठेही लिहिलेले नाही. घरात एका मुलाच्या ताटात सहा पोळ्या वाढावयाच्या, आणि उरलेल्या दोन पोळ्यांवरून दुसरा मुलगा व मुलगी यांच्यात भांडण लावून द्यावयाचे, यात दोष मुलीचा की वाढणाऱ्याचा? अन्न कमी पडले तर प्रथम मोठ्या ताटाकडे पाहिले पाहिजे. परंतु मोठ्या ताटाकडे बोट दाखविण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही, आणि कात्री ज्यांचा आवाज लहान त्यांच्यावरच चालते. आपल्याकडे तो लहान आवाज बहुधा मुलीचा असतो. खर्चाची ओढाताण झाली की तिची शिकवणी, तिची सहल, तिचा खेळाचा तास ही प्रथम जातात. शिक्षकाच्या पेशात आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेथे त्या वेळी तो लहान आवाज मुलांच्या एका पथकाचा होता, एवढाच भेद. म्हणून हा प्रश्न मुलगा की मुलगी असा नाही. अडचणीच्या काळात दुबळ्याच्या वाट्यास कोण उभे राहते, असा आहे.

स्टॅनफर्डमध्ये उभे राहिले ते माजी विद्यार्थी. अकराही खेळांच्या आजी-माजी खेळाडूंनी, स्त्रीपुरुषांनी, एकत्र येऊन एक संघटना केली. तिचे नावच असे होते की त्यातून छत्तीसही खेळ भक्कम उभे राहोत ही मागणी व्यक्त व्हावी. आमचा एक खेळ वाचवा, बाकीचे पहा तुमचे तुम्ही, असे ते म्हणाले असते तर विद्यापीठाने त्यांना एकेक करून परत पाठविले असते. त्यांनी पत्रे लिहिली, देणग्यांची वचने गोळा केली, खर्चाचे पर्याय मांडले. मार्च २०२१ मध्ये कुस्तीच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेन ग्रिफिथ हा मल्ल विद्यापीठाचे नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून उतरला आणि आपल्या वजनगटात अजिंक्य झाला. ज्या संस्थेने आपला खेळ टाकला तिचे नाव छातीवर कशासाठी, हा प्रश्न त्याने एक शब्दही न उच्चारता साऱ्या देशापुढे ठेवला. मे महिन्यात खेळाडूंनी न्यायालयात दोन दावे दाखल केले. त्यांतील एक मुलींनी १९७२ च्याच कायद्याच्या आधारे केला होता. ज्या कायद्यास मुलांच्या खेळांचा वैरी म्हणत, त्याचाच आधार घेणाऱ्या मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

१८ मे २०२१ रोजी विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. अकराही खेळ राहिले. आर्थिक स्थिती सुधारली आहे आणि माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने निधी उभारण्याचा मार्ग दिसतो आहे, असे कारण दिले गेले. आपला हा अखेरचा हंगाम अशा समजुतीने वर्षभर खेळलेल्या मुलांच्या व्हॉलीबॉल पथकास पुढचा हंगाम मिळाला.

बंधुभगिनींनो, या हकीकतीतून आम्ही तीनच गोष्टी आपणांपुढे ठेवतो. पहिली ही की संधी मिळाल्यावर फळ लागावयास वेळ लागतो. त्या मुली तीनदा अंतिम सामना हरल्या, त्या मुलांनी एका वर्षी पंचवीस सामने गमावले. त्या वेळी कोणी म्हटले असते की यांच्यावर खर्च व्यर्थ आहे, तर पुढची अजिंक्यपदे दिसलीच नसती. आपला मुलगा अगर मुलगी एका परीक्षेत मागे पडली म्हणून हात आखडता घेऊ नका. दुसरी ही की एकाचे काढून दुसऱ्यास देणे याला न्याय म्हणत नाहीत. १८९९ साली मुलासाठी मुलींना थोपविले, २०२० साली मुलांना थोपवावयास निघाले. दोन्ही वेळा मनात समजूत एकच होती, की अंगण लहान आहे. ते लहान नव्हते. आणि तिसरी ही की संस्था टिकते ती तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांच्या आठवणीने व हातभाराने. ज्या शाळेने आपणांस शिकविले, ज्या मैदानावर आपण खेळलो, त्याची विचारपूस आपण शेवटची केव्हा केली, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

येथून घरी गेल्यावर मोठ्या देणगीचा विचार करण्यापूर्वी एक लहान काम करा. आपल्या गल्लीत, वाड्यात, सोसायटीच्या आवारात दोन खांब रोवून एक जाळी बांधा. सकाळी मुलांनी खेळावे, संध्याकाळी मुलींनी, किंवा उलट. जाळी वितीएवढी खालीवर करावयास फार वेळ लागत नाही. आणि पोक्त मंडळींनीही संकोच करू नये, कारण मॉर्गनने हा खेळ मुळात आपल्याच वयाच्या माणसांसाठी काढला होता.